पाणी मारायचं की नाही?

कापसाची वेचणी रंगात आली की जामनेरच्या वेल्डिंग दुकानांपुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागतात. कुणाचा फाळका निखळलेला, कुणाचा हूक झिजलेला, कुणाला चार क्विंटल जास्त मावावेत म्हणून वर अँगलचा सांगाडा चढवून हवा. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक मिस्तरी आणि हाताखाली दोन पोरं. भिंतीशी दोन बाटल्या. काळी ऑक्सिजनची, मरून रंगाची डीएची. डीए म्हणजे विरघळवलेला ॲसिटिलीन वायू, पण एवढं लांब नाव दुकानात कुणी घेत नाही.

अशाच एका शेडमध्ये भाऊबीजेच्या दुपारी मामा आणि भाची बोलत बसलेत असं समजू. मामाचा हात पस्तीस वर्षं टॉर्चवर आहे. भाची चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी, आईसोबत आजोळी आलेली. ही दोघं कल्पनेतली आहेत. वायू, आकडे आणि अपघात मात्र खरे.

भाची: मामा, डीएची बाटली आडवी कशी?

मामा: आत्ताच उतरवली. जळगावहून रिक्षातून येते, ती आडवीच येते. मोटरसायकलवर बांधून आणणारे पाहिलेस का तू? त्यांच्यापेक्षा मी बरा.

भाची: भरलेली बाटली दुचाकीवरून न्यायला कायद्यानंच मनाई आहे. त्यांच्यापेक्षा बरं असणं म्हणजे काही फार नाही.

मामा: अगं, आता उभी करतो अन् संध्याकाळपर्यंत हात लावत नाही. लगेच जोडली की ज्योत थुंकायला लागते. हे काही मला पुस्तकानं नाही शिकवलं.

भाची: थुंकते, कारण आतलं ॲसिटोन बाहेर येतं. ही बाटली ऑक्सिजनच्या बाटलीसारखी आतून पोकळ नसते. आत सच्छिद्र भराव असतो गच्च बसवलेला, त्या छिद्रांत ॲसिटोन, अन् ॲसिटोनमध्ये हा वायू, सोड्याच्या बाटलीत विरघळलेला असतो तसा. म्हणून तो आत पंधरा किलो दाबाखालीही गप्प राहतो. तोच वायू मोकळा होऊन पाइपात एक किलोच्या वर गेला, तर त्याचा भरवसा नाही.

मामा: जाऊ देत नाही मी. काटा लाल रेघेला टेकू देत नाही.

भाची: का, ते ठाऊक आहे?

मामा: उस्ताद म्हणायचे, आपोआप फुटतो.

उस्ताद बरोबर सांगत होते. घरच्या गॅसला जळायला हवा लागते आणि ठिणगी लागते. ॲसिटिलीनला दाबाखाली दोन्हींवाचून चालतं. त्याचा रेणूच असा ताणलेला की उष्णता लागली किंवा जोराचा धक्का बसला, तर तो स्वतःच तुटतो. तुटताना उष्णता सोडतो आणि त्या उष्णतेनं शेजारचा रेणू तुटतो. भरावाची छिद्रं इतकी बारीक असतात ती ही साखळी पुढे सरकू नये म्हणूनच.

हा भराव सुधारणाऱ्यांत गुस्ताफ डालेन नावाचा स्वीडिश अभियंता होता. समुद्रातल्या दीपगृहांचे दिवे उजाडल्यावर आपोआप विझावेत आणि अंधारल्यावर पेटावेत अशी झडप त्यानं केली. दिव्यात जळायचा तो हाच वायू. त्या कामाबद्दल त्याला १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या बाटल्या कितपत सुरक्षित आहेत याची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्याची दृष्टी कायमची गेली. पारितोषिक स्वीकारायला त्याचा भाऊ गेला, आणि तो भाऊ डोळ्यांचा डॉक्टर होता. डालेननं पुढे आणखी पंचवीस वर्षं, मरेपर्यंत, आपली कंपनी चालवली. या वायूची त्याच्याइतकी जाण असलेला माणूस त्या काळी जगात क्वचितच असेल. शेडमधला वाद खरं तर याच जागी अडतो: जाणकार हात पुरतो का?

मामा: पुरतो. पस्तीस वर्षांत माझ्या शेडमध्ये कुणाला भाजलंसुद्धा नाही. तुमच्याकडे टोप्या, बूट, रजिस्टरं, अन् तरी? शिरपूरजवळ वाघाडीला काय झालं? ३१ ऑगस्ट २०१९, सकाळची पाळी. रासायनिक कारखान्यात पिंपं फुटली, दहाच्या वर माणसं गेली. आपल्याच खान्देशात. तिथं काय रजिस्टर नव्हतं?

भाची: असेल. नागोठण्यालाही होतं. १९९० च्या नोव्हेंबरात आयपीसीएलच्या संकुलात वायू गळला अन् पेटला, तीसहून जास्त माणसं गेली. सरकारी कंपनी, नवीन यंत्रं, शिकलेले लोक. रजिस्टरनं वायू अडत नाही, हे मी तुमच्याआधी कबूल करते.

मामा: मग झालं की.

भाची: नाही झालं. तिथं अपघातानंतर चौकशी बसते. कुठला वायू, कुठून गळला, पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करत होतं, हे कुणीतरी लिहून ठेवतं. तुमच्यासारख्या शेडमध्ये काही झालं तर पेपरात चार ओळी येतात, ‘सिलिंडरचा स्फोट’, की संपलं. कारखान्यांच्या कायद्यात हे शेड बसत नाही, माणसंच तीन. पुढच्या मिस्तरीनं शिकायचं कशावरून?

मामा: उस्तादाकडून. आम्ही शिकलो तसं.

भाची: जो उस्ताद वाचला, त्याच्याकडून.

यावर मामानं तंबाखूची डबी उघडली आणि पुन्हा मिटली. शेडमध्ये विडी-काडी चालत नाही हा त्याचाच नियम, म्हणून तंबाखू. भाचीचं बोलणं त्याला झोंबलं असावं. माझ्या मते ते खरंही आहे, पण अर्धंच. वाचलेला उस्ताद चुकीच्या गोष्टी शिकवतो तशा बरोबरही शिकवतो, फक्त कुठली कशामुळे बरोबर ते त्यालाही सांगता येत नाही. उदाहरणार्थ, डीएच्या पाइपाला जोड म्हणून तांब्याची नळी घालायची नाही, हे मामा कटाक्षानं पाळतो. कारण विचारलं तर म्हणेल, ‘नाही घालायची.’ कारण असं की तांब्याशी या वायूचं एक संयुग होतं, ते सुकलं की नुसत्या घासण्यानं फुटतं. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावायचा नाही, हेही तसंच. नियम पिढीनं पिढीला पोचला आणि कारण वाटेत गळालं. कारण गळालेला नियम घाईच्या दिवशी सगळ्यात आधी मोडतो. वेचणीच्या हंगामात जामनेरमध्ये रोजच घाईचा दिवस असतो.

भाची: हे घ्या. तुमच्या भाऊबीजेचं.

मामा: काय आहे? अरेस्टर? अगं, हे लावलं की ज्योत बारीक होते.

भाची: नोझलच्या मापाचं घेतलं तर नाही होत. ज्योत उलटी पाइपात शिरली तर हे तिला बाटलीपर्यंत जाऊ देत नाही. मरून बाटलीला एक, काळ्या बाटलीला एक. दोन्हीकडं लावायचं.

मामा: लावतो. तू आणलंस म्हणून लावतो. मिळकत बघून सामान घ्यावं लागतं, माय. तुमच्या कंपनीचा खरेदी विभाग असतो, माझा खिसा आहे.

भाची: तेही मान्य. आता त्या पोत्याखाली काय आहे ते दाखवा.

मामा: काही नाही.

भाची: मामा, लसणाचा वास येतोय.

मामा: कार्बाइड आहे. जुनी टाकी आहे ना मागं, तिच्यासाठी. रिक्षा आली नाही, डीए संपली अन् गिऱ्हाईक ट्रॉली घेऊन दारात उभं, तर करायचं काय? टाकीत कार्बाइड अन् पाणी एकत्र आलं की गॅस तयार. किलोमागं तीनशे लिटर निघतो. गाडीभाडं नाही, डिपॉझिट नाही.

भाची: अन् बाहेरच्या लोकांना देता?

मामा: ओळखीचे मागतात. मक्यात रानडुकरं पडतात, रात्र रात्र जागतात बिचारे. पाइपाच्या बंदुकीत चिमूटभर कार्बाइड अन् पाणी, एक बार काढला की डुकरं पळतात.

भाची: तीच बंदूक २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पोरांच्या हाती गेली. भोपाळच्या बाजूला. बार उडाला नाही म्हणून पोरं पाइपात डोकावून बघायची, अन् तेव्हाच तो उडायचा. शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची नजर गेली. तुमच्या चिमटीला पत्ता नसतो, मामा, ती कुणाच्या घरात जाईल.

मामा: केळीवाल्यांना तर मी कधीच दिलं नाही.

भाची: ते ठीक. फळं पिकवायला त्यावर बंदीच आहे, आर्सेनिक अन् फॉस्फरसचा अंश राहतो म्हणून.

मामा: आता ते रायपनिंग चेंबरवाले इथिलीन सोडतात, तोही जळणाराच गॅस ना? त्याला परवानगी, अन् आमच्या डब्यावर डोळे.

हा प्रश्न केळीच्या जिल्ह्यात रास्त आहे. इथिलीनही पेटतो. हवेत तो २.७ टक्के झाला की ठिणगीची वाट बघत बसतो. पण अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये फळं पिकवायला जी मर्यादा घालून दिली ती दहा लाख भागांत १०० भाग, म्हणजे ०.०१ टक्का. पेटण्याच्या पातळीपेक्षा २७० पट कमी. चेंबरमध्ये भीती असलीच तर ती आतल्या हवेपेक्षा दाराबाहेर ठेवलेल्या बाटलीची, आणि दार उघडून हवा खेळू न देता आत शिरणाऱ्या हमालाची. पिकणारी केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो साचतो. मामाच्या डब्यातला वायू मात्र अडीच टक्क्यांना पेटू लागतो आणि ऐंशी टक्क्यांवरही पेटतोच. घरच्या गॅसचं तसं नाही. तो हवेत साधारण दोन ते साडेनऊ टक्के असला तरच जळतो, त्याच्या वर हवाच कमी पडते. ॲसिटिलीन बंद शेडमध्ये कोंडला तर त्याला नको असलेलं प्रमाण जवळपास सापडतच नाही. आणि पेटायला लागणारी ठिणगी इतकी क्षुल्लक की नायलॉनच्या कपड्यावरची स्थिर वीजसुद्धा पुरते.

भाची: आता एक विचारते. खरं सांगा, मला बरं वाटेल असं नको. आत्ता काम चालू असताना टॉर्चमध्ये फाटकन आवाज झाला, पाइप फुटला अन् पेटला. काय कराल?

मामा: टॉर्चचा ऑक्सिजन बंद, मग डीए. लगेच बाटलीचा वाल्व. चावी बाटलीवरच असते माझी, खिशात नाही.

भाची: बरोबर. अन् वाल्वपर्यंत पोचताच आलं नाही तर?

मामा: बादली मारून ज्योत विझवायची.

भाची: इथं चुकलात. गळती थांबवता येत नसेल तर ज्योत विझवायची नाही. जळतोय तोवर वायू कुठे आहे ते दिसतं तरी. विझवलात की तोच वायू पत्र्याखाली साचत जाणार. हवेपेक्षा हलका आहे, वर जातो. मग बल्बच्या बटणाला हात लागायचा अवकाश. अशा वेळी बटण चालूही करायचं नाही, बंदही नाही. आजूबाजूचं सामान ओलं करायचं अन् माणसं बाहेर काढायची. समजा वाल्व बंद झाला, ज्योत गेली. पुढे?

मामा: बाटलीवर तळहात ठेवतो.

भाची: का?

मामा: भडका आत गेला असेल तर गरम लागते. बाहेरून सगळं गार, अन् बाटली मात्र तापत जाते. उस्तादाच्या वेळेला झालं होतं. त्यांनी ती बाटली लोळवत नेली अन् कांग नदीत ढकलली.

भाची: अन् फुटली नाही.

मामा: नाही फुटली.

भाची: तळहात ठेवणं अगदी बरोबर. आम्ही शिकवतो तेही हेच. पण नदीत ढकलणं म्हणजे नशीब. आत वायू तुटायला लागला असेल अन् तुम्ही बाटली लोळवली, तर त्या धक्क्यानं तो वेग घेतो. गरम लागली की हलवायची नाही, वाल्व उघडून रिकामी करायला जायचं नाही, फक्त लांब व्हायचं. मग आडोशामागून पाणी मारायचं, निदान तासभर. नंतर थांबून बघायचं. ओला भाग भराभर सुकला, वाफ निघाली, तर आत अजून चालूच आहे. पुन्हा तासभर पाणी. अन् दोनशे मीटरांत माणूस नको.

मामा: दोनशे मीटर! अगं, दोनशे मीटरांत अर्धा बाजार आला. कोण हलवणार? ‘आग, आग’ म्हणून ओरडलं की काय होतं ते पाहिलंय आपण, इथंच, पाचोऱ्याजवळ. जानेवारी २०२५. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा, माणसं रुळावर उतरली अन् दुसऱ्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस. आग नव्हतीच. अन् माणसं किती गेली!

भाची: म्हणूनच नुसतं ओरडायचं नाही. कुणीकडं जायचं ते सांगायचं. ‘बाटली तापली, बसस्टँडकडं चला’ एवढं तुमच्या पोरांना पाठ हवं. त्यांना कधी सांगितलंय?

मामा: ते बघून शिकतात.

भाची: जे अजून घडलंच नाही, ते कुठून बघतील?

मामाच्या बाजूनं एक म्हणायला हवं. गॅसवर जगणाऱ्या माणसाला ‘तुझं अज्ञान दूर करतो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या अडचणीत भागीदार व्हायला कुणी येत नाही. डीएच्या बाटलीची तपासणी, भराव, वाल्व, रंग यांवर देखरेख करणारं केंद्र सरकारचं स्फोटक सुरक्षा खातं नागपूरला आहे. त्याचे नियम २०१६ चे आहेत आणि चांगले आहेत. ते बाटली भरणाऱ्यापर्यंत पोचतात. रिक्षात घालून आणणाऱ्यापर्यंत पोचताना पातळ होतात, आणि पत्र्याखालच्या तीन माणसांकडे पोचतं ते नुसतं भय: कुणी तपासायला आलं तर? घरच्या गॅसच्या गळतीला १९०६ हा क्रमांक आहे, तो सिलिंडरवर आणि कार्डावर छापलेला असतो. डीएच्या बाटलीवर पुरवठादाराचा फोन खडूनं लिहिलेला असतो, तो दुसऱ्या पावसात पुसला जातो.

भाची: बरं, १०१ ला फोन केला. नगरपरिषदेचा बंब आला. जळगावचा यायला पाऊण तास धरा, आधी हाच येणार. आल्या आल्या काय करेल?

मामा: पाणी मारेल. बंब दुसरं काय करणार?

भाची: कशावर?

मामा: बाटलीवर. तूच म्हणालीस, तासभर.

भाची: अन् पोत्याखाली?

मामानं कोपऱ्याकडं पाहिलं. पस्तीस वर्षांत त्याच्या डोक्यात हे आलं नसेल असं नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या नसाव्यात. तापलेल्या बाटलीला पाणीच हवं, भरपूर आणि लांबून. कार्बाइडवर पाणी म्हणजे नवा वायू, आणि त्याच्याबरोबर त्याला पेटवायला पुरेल इतकी उष्णता. डबा पेटला तर कोरडी वाळू किंवा कोरडी पावडर. एका पत्र्याखाली दोन आगी, एकीचा उपाय तो दुसरीचा खुराक. आणि नळी हातात घेतलेल्या बंबवाल्याला बाहेरून दिसतं ते फक्त धुराचं एक शेड.

मामा: डबा मागच्या ओट्यावर नेतो. उंचावर, वेगळा. झाकण घट्ट, वर पत्रा. पावसाळ्यात इथं पाणी येतंच.

भाची: तो निघून गेला तर जास्त बरं.

मामा: टाकी आहे तोवर डबा आहे. हा हंगाम जाऊ दे, मग बघू.

भाची: मग निदान दारावर पाटी लावा. आत काय आहे, कुठं आहे.

मामा: अन् ती वाचून उद्या तपासणीवाला येईल. साठा किती, परवाना कुठंय. पाटी बंबासाठी लावायची अन् वाचणार तो.

भाची: येईल, नाही म्हणत नाही.

मामा: ‘कार्बाइड’ नको लिहायला. असं लिही, ‘पाणी मारण्याआधी मिस्तरीला विचारा.’

भाची: अन् मिस्तरीच आत असला तर?

मामा: ...

भाची: बोला ना.

मामा: पांढऱ्या रंगाचा डबा आहे बघ त्या कपाटात. कार्बाइडच लिही, ठसठशीत. ‘मागचा ओटा, पाणी नको’ असं. अन् तपासणीवाला आला की त्याच्याशी तू बोलायचंस, फोनवर का होईना. मला त्यांच्याशी बोलायला जमत नाही.